मी येईपर्यंत गाडी चालू करू नका

दादा गेल्याची बातमी आली तेव्हा तन्वी त्यालाच मोटरसायकलचा फोटो पाठवत होती. सकाळची वेळ, मी डब्याची पोळी तव्यावर टाकलेली, आणि माझी मुलगी स्वयंपाकघराच्या दारात फोनमध्ये मान घालून उभी. "आई, मुलुंडमध्येच एक आहे गं, मामाच्या घराजवळ. चालत जाऊन बघेल तो," असं ती म्हणतेय तोवर माझा फोन वाजला. वहिनीचा होता. वहिनी सकाळच्या घाईत कधी फोन करत नाही... पोळी करपल्याचा वास आला तरी मी फोन कानाला लावून तशीच उभी होते. दादा चहाचा कप घेऊन खुर्चीत बसला, दोन घोट घेतले, कप खाली ठेवला आणि संपलं. डॉक्टर येईपर्यंतसुद्धा थांबला नाही. तन्वीने पाठवलेला फोटो त्याच्या फोनवर पोचला होता, पण त्याने तो उघडला नव्हता. ती अजूनही मधूनच तो निरोप काढून बघते.

वसंत माझा थोरला भाऊ. आयुष्यभर सरकारी कचेरीत कारकून होता, पान्याला कधी हात लावला नाही. पण भांडुप-मुलुंडकडच्या आमच्या ओळखीतल्या कुणाला जुनी मोटरसायकल घ्यायची झाली, की दादाला बरोबर नेल्याशिवाय ती खरेदी व्हायची नाही. त्याला गाड्यांतलं फार कळायचं असं नव्हे. तो संशयी होता, आणि त्याचा संशय चिकाटीचा होता. कुलूप लावून झालं की ओढून बघायचा, दोन पायऱ्या उतरून परत वर येऊन ओढायचा. बाजारात नारळ कानाशी धरून इतका वेळ हलवायचा, की नारळवाला म्हणायचा, "काका, गाणं लागलंय काय आत?" आम्ही दोघं एकाच आईची. मीही गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत फिरणारी. फक्त माझी काळजी घरात बसून मलाच खाते, दादाने त्याच्या काळजीला कामाला लावलं होतं.

त्या काळजीला कामाला लावलं आमच्या बाबांच्या पहिल्या आणि शेवटच्या मोटरसायकलने. बाबा मालवणकडचे. गिरणी सुटल्यावर भांडुपला डोंगराच्या बाजूला आम्ही खोली घेतली, आणि बाबा मुलुंडला एका कारखान्यात लागले. जायला-यायला गाडी हवी म्हणून गिरणीतल्याच एका गाववाल्याची जुनी मोटरसायकल त्यांनी घ्यायची ठरवली. दसऱ्याच्या दिवशी गाववाला झेंडूचा हार घालूनच ती घेऊन आला. दादा तेव्हा कॉलेजात होता. त्याने बाबांना बाजूला घेऊन म्हटलं, "एकदा कुणाला तरी दाखवूया ना." बाबांचा चेहरा असा झाला, की जणू त्याने पाहुण्याच्या ताटातलं काढून घ्यायला सांगितलं. "गावचो माणूस आसा तो," ते दबक्या आवाजात म्हणाले. "तेची गाडी तपासूची म्हणजे तेच्या तोंडार तेका खोटो म्हणूचा. माका नाय जमाचा." चाकाला कुंकू लागलं, पेढे वाटले गेले, गाडी आमची झाली. दिवाळीच्या आत आमच्याच उतारावर तिचा ब्रेक गेला. बाबांच्या मागे दादा बसला होता. दादा गटाराच्या कडेला फेकला गेला, त्याला खरचटलं. बाबांचा पाय गाडीखाली आला आणि पुढे ते कायम लंगडत चालले. गाववाला हॉस्पिटलात येऊन रडला. त्यालाही ठाऊक नव्हतं, तोही बिचारा ती न बघताच चालवत होता. दादा मला नंतर एकदा म्हणाला होता, "तो लबाड असता तर बरं झालं असतं. चिडता तरी आलं असतं."

तेव्हापासून दादाचे नियम सुरू झाले. गाडी बघायला जायच्या आदल्या दिवशी तो विकणाऱ्याला स्वतः फोन करायचा आणि नाव-गाव विचारायच्या आधी सांगायचा, "हे बघा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." तिथे पोचलं की रंग नाही, सीट नाही, आरसे नाहीत, सरळ खाली वाकून तो इंजिनाला उलटा हात लावायचा. आई आमच्या कपाळाला हात लावून ताप बघायची, तसा. इंजिन थंड असलं तर ठीक, कोमट असलं तरी दादाच्या मनातून ती गाडी उतरली. त्याचं म्हणणं साधं होतं. थंड गाडी पहिल्यांदा सुरू होताना सगळं बोलून दाखवते... खडखड करते, धूर सोडते, नखरे करते. एकदा तापली की वाईट गाडीसुद्धा शहाण्यासारखी वागते. मग जो माणूस तुम्ही यायच्या आत गाडी तापवून ठेवतो, त्याला काहीतरी झाकायचं असतं. यानंतर खांद्यावरच्या पिशवीतून वर्तमानपत्राचं एक पान निघायचं, ते तो इंजिनाखाली अंथरायचा आणि विकणाऱ्याने विचारायच्या आत म्हणायचा, "चला, चहा घेऊया." चहा पिऊन खाली आलं की पानावर तेलाचा थेंब पडलाय का ते बघायचं. पान नेहमी रविवारच्या पुरवणीचं. ही पुरवणी त्याला आवडायची, आधी सगळी वाचून मग तो ती गाडीखाली घालायचा. आज त्याच्यावर याच पानांत लिहितेय हे त्याला कळतं, तर म्हणाला असता, "म्हणजे आता तुझ्यावर तेल सांडणार."

घाटकोपरची एक फेरी मला अजून आठवते. आमच्या शेजारच्या तांब्यांना गाडी घ्यायची होती, आणि तन्वी लहान असल्यामुळे, फिरायला म्हणून मी तिला घेऊन बरोबर गेले. गाडी नवरीसारखी चकाकत होती. तांबे तिथेच पाघळले. दादाने उलटा हात लावला, इंजिन थंड होतं, तांब्यांचा चेहरा उजळला. मग दादा गाडीभोवती हळूहळू फिरला आणि उजव्या बाजूला उकिडवा बसला. हँडलचं टोक घासलेलं, पाय ठेवायची दांडी किंचित वाकलेली, आणि पुढचं मडगार्ड बाकीच्या गाडीपेक्षा नवं. "ही कधी पडली?" त्याने विचारलं. मालक म्हणाला, "छे हो, पडली वगैरे नाही. स्टँडवरून जरा कलली होती." दादाने मान डोलावली, वर जाऊन छान चहा घेतला, त्यांच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि खाली येऊन पान उचललं. पानावर एका हसऱ्या नटाचा फोटो होता, त्याच्या गालावर तेलाचा गोल डाग पडलेला. दादाने ते पान घडी करून पिशवीत टाकलं आणि तांब्यांना म्हणाला, "चला." विकणाऱ्याशी तो कधी भांडला नाही. समोरच्याला खोटं ठरवायचं नाही, हा बाबांचा नियम त्याने एवढ्यापुरता शेवटपर्यंत पाळला.

तन्वी त्या दिवसापासून मामाची शिष्य. त्याच्याच गाडीवर ती चालवायला शिकली, त्यामुळे स्कूटर तिला कधी आवडलीच नाही. आता ती फिजिओथेरपिस्ट आहे, घरोघरी जाऊन रुग्णांना व्यायाम देते. सकाळी भांडुपला एक आजोबा, मग पवईला एक बाई, दुपारी घाटकोपर. रिक्षाच्या भरवशावर हे जमत नाही म्हणून तिने यंदा गाडी घ्यायचं ठरवलं, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. रस्त्यावर कुठे गर्दी जमलेली दिसली की मी आत घुसून कोण पडलंय ते बघते. तिचा फोन दोनदा लागला नाही, की मी तिच्या रुग्णांना फोन करायला बसते. "आई, यार, तू माझी वाट लावणार," ती म्हणते. मी दादाकडे गेले आणि स्पष्ट सांगितलं, "तिला नको म्हण. तुझं ऐकेल ती." दादाने हातातली पुरवणी घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "नको म्हटलं तर ती कुणाच्या तरी मागे बसून जाईल गं बाय. त्याची गाडी कोण बघणार?"

म्हणून बघायला तोच लागला, आणि एकामागून एक गाड्या नाकारत सुटला. इतरांसाठी तो कडक होता, भाचीसाठी छळवादी झाला. एकीचं चाक डुगडुगतं, एकीच्या चेनच्या चक्राचे दात झिजलेत, एकीचा मालक प्रश्न विचारला की आधी बायकोकडे बघतो. तन्वी वैतागली. "मामा, तू गाडी बघायला येतोस की माझं लग्न जमवायला?" तो म्हणाला, "लग्न मोडता येतं. ब्रेक लागला नाही तर काय करशील?" तिला हसू आलं, मला नाही. कारण तेव्हा दादाच्या डोळ्यांत मला तो आमचा उतार दिसला होता.

शेवटची गाडी आम्ही बोरीवलीला बघितली. नॅशनल पार्कच्या बाजूच्या एका सोसायटीत गायकवाड नावाचे गृहस्थ राहतात, त्यांच्या मुलाची गाडी. मुलाला नागपूरला नोकरी लागली, गाडी खाली उभी राहून धूळ खात होती. दादाने नेहमीप्रमाणे फोन केला, नेहमीचं वाक्य सांगितलं. आम्ही तिघं बसने गेलो. बसमधून उतरून सोसायटीपर्यंतचा रस्ता काही मोठा नाही, पण दादा दोनदा थांबला. गेटजवळच्या कट्ट्यावर तर बसलाच. कपाळावर घाम, आणि तोंड उघडं टाकून श्वास घेत होता. मी म्हटलं, "दादा, काय होतंय तुला?" तर म्हणाला, "गुडघा." मी म्हटलं, "गुडघ्याने दम लागतो?" तर माझ्यावरच डाफरला, "तुला सगळीकडे काहीतरी दिसतं. चल." आणि उठला.

गायकवाड खाली गाडीजवळच उभे होते. नीटनेटके, हसतमुख, साठीच्या आसपासचे. "या साहेब, जय भीम," म्हणाले. दादाने नमस्कार केला आणि वाकून इंजिनाला उलटा हात लावला. लावला, आणि काढून घेतला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यावर काहीच हललं नाही, पण मला कळलं. इंजिन गरम होतं. गायकवाडांनी एकच किक मारली, गाडी झटक्यात सुरू झाली, मऊ आवाजात चालत राहिली. तन्वीचे डोळे लकाकले. दादाने पिशवीतून पान काढलंच नाही. वर गेलो, गायकवाडबाईंनी पोहे केले होते, दादाने ते कौतुक करून खाल्ले, आणि निघताना "कळवतो" म्हणाला. गेटबाहेर आल्यावर तन्वी भडकली. "झकास गाडी आहे मामा! विचार तरी ना त्यांना, का चालू केली ते!" दादा रस्त्याच्या कडेला उभा राहिला, दम घेतला आणि म्हणाला, "विचारलं की माणूस उत्तर देतो. मग त्या उत्तरावर विश्वास ठेवावा लागतो. बाबांनी ठेवला होता." परतीच्या बसमध्ये तन्वी फुगून पुढे बसली. दादा माझ्या शेजारी खिडकीशी होता. पवईचा तलाव मागे गेल्यावर तो बाहेर बघतच म्हणाला, "पोरगी रोज घरी आली पाहिजे गं बाय. बाकी मला काय करायचंय..."

ती आमची शेवटची भेट. त्यानंतर फोनवर बोललो, पण दादा काही मला परत चालता-बोलता दिसला नाही.

भेटायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी एक गोष्ट मान हलवून सांगितली, की बघा, दुसऱ्यांची इंजिनं तपासणाऱ्याला स्वतःचं इंजिन कळलं नाही. मला हे बोलणं अजिबात आवडलं नाही. माझा भाऊ काही यंत्र नव्हता. पण खरं सांगायचं तर मला त्याचा रागही आला होता, अजून येतो. ज्या माणसाने दुसऱ्याच्या तोंडचं "जरा कलली होती" कधी मानलं नाही, त्याने स्वतःच्या तोंडचं "गुडघा" कसं मानलं? वहिनीलाही त्याने तेच सांगितलं होतं.

दिवसकार्य आटोपल्यावर एके संध्याकाळी तन्वीला गायकवाडांचा फोन आला. आणखी एक गिऱ्हाईक आलंय, पण तुम्ही आधी बघून गेला होतात, तुमचं काय ते सांगा, असं विचारायला. तन्वीने मामा गेल्याचं सांगितलं, आणि त्या दिवशी गाडी आधीच का चालू केली होती तेही विचारलं. तिने फोनचा आवाज मोठा केला होता, त्यामुळे पलीकडचं मलाही ऐकू येत होतं. मग गायकवाड म्हणाले, "अरे अरे... मला त्या दिवशीच वाटलं होतं बेटा. मी गॅलरीतून बघत होतो, गेटजवळ ते बसले होते, श्वास लागलेला दिसत होता. गाडी किती दिवस उभी, बॅटरी मलूल, किक मारत बसावं लागतं. म्हटलं, हा माणूस इतक्या लांबून आलाय, त्यात तब्येत अशी, त्याला उन्हात किती ताटकळत ठेवायचं? आणि त्यांनी स्वतः किक मारायला घेतली तर? म्हणून मी पळत खाली जाऊन तापवून ठेवली. त्यांनी नको सांगितलं होतं, ते डोक्यातूनच गेलं."

तन्वी रडायला लागली. मी फोन घेतला आणि काहीतरी बोलून ठेवून दिला. मला राहून राहून एकच वाटत होतं. वरच्या गॅलरीतून एका अनोळखी माणसाला दिसलं, त्याने जमेल तेवढं केलं, आणि नेमकं तेच दादाला लबाडी वाटलं. दसऱ्याला बाबांनी गाडी न बघता घेतली ती भिडेपोटी, आणि गायकवाडांनी इंजिन तापवलं तेही एका प्रकारे भिडेपोटीच. अशी माणसं आपल्याकडे असतात याचा हिशेब दादाच्या नियमात नव्हता.

दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. तन्वीला तीच गाडी हवी होती. मी म्हणत होते, मामाचा शेवटचा शब्द "नको" होता. ती म्हणाली, "आई, मामाला खरं कळलं असतं तर?" मी म्हटलं, "आणि हेच खरं कशावरून? त्यांनी विचारल्यावर उत्तर दिलं, एवढंच." बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. दादाच बोलत होता माझ्या तोंडून... शेवटी मीच गायकवाडांना फोन लावला. "आम्ही उद्या सकाळी येतो. राग मानू नका, पण मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पलीकडून ते हळूच म्हणाले, "नाही करत ताई. हातसुद्धा लावत नाही."

जाताना मुलुंडला उतरून वहिनीकडून दादाची पिशवी घेतली. त्यात छत्री होती, औषधाच्या दुकानाची रिकामी पिशवी होती आणि घडी घातलेली पुरवणी होती. बोरीवलीला पोचेपर्यंत मी ती पिशवी मांडीवर धरून बसले होते. गायकवाड या वेळी गाडीपासून लांब, जिन्याच्या पायरीवर बसले होते. तन्वीने माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "तू लाव." मी वाकले. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या इंजिनाला उलटा हात लावला. अगदी थंड होतं. मी पान अंथरलं आणि आम्ही वर चहाला गेलो. मी विचारलं, "का विकताय?" गायकवाड म्हणाले, "मुलगा सांगतो विका. आणि मला रोज येता-जाता दिसते ना ती. मग त्याची आठवण येते." बाईंनी पदर डोळ्यांना लावला. खाली आलो तर पान कोरडं. तन्वीने किक मारली. पहिली वाया, दुसरी वाया, तिसरीला गाडी खोकल्यासारखं करून गप्प झाली. मग ती सुरू झाली. सुरुवातीला जरा कुरकुरली, मग स्थिर झाली. तन्वी मागे जाऊन सायलेन्सरसमोर उकिडवी बसली, मामा बसायचा तशी, आणि धूर बघत राहिली. ब्रेक तिने रिकाम्या आवारात पुन्हा पुन्हा लावून बघितले. गायकवाड घड्याळाकडे एकदाही बघत नव्हते. शेवटी ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आई, बॅटरी बदलावी लागेल. बाकी मामा हो म्हणाला असता." मी म्हटलं, "तो कधीच हो म्हणाला नसता. पण घे."

गाडी आता आमच्या बिल्डिंगखाली असते. माझी काळजी गेलेली नाही, ती जाणारी नाही हे मला कळून चुकलंय. मी पतपेढीतल्या नोकरीवरून संध्याकाळी घरी येते तेव्हा फाटकातूनच माझी नजर त्या कोपऱ्याकडे जाते. कोपरा रिकामा असला तर मी वर न जाता खालीच कुणाशी तरी बोलत रेंगाळते. गाडी उभी दिसली की पोरगी आली हे उघड आहे, शहाण्या माणसाला तेवढं पुरेल. मी तरीही जवळ जाते, इकडेतिकडे बघते, आणि वाकून इंजिनाला उलटा हात लावते. सोसायटीच्या वॉचमनला आता त्याची सवय झाली आहे. दादाला ते नेहमी थंड हवं असायचं. मला गरम लागतं. हाताला ती ऊब लागली की मी सरळ उभी राहते, पदर नीट करते, आणि जिना चढायच्या आधी मनातल्या मनात त्याला सांगते... दादा, आली रे.